दोन बोटं माया

८ मे

प्रिय ताई,

आठ दिवस तोंड बंद ठेवून बसले होते, त्यामुळे हे पत्र लांबलं तर कंटाळू नकोस. आमची महिनाभराची साधना चालू आहे. तीस दिवस मौन. जेवताना मीठ हवं असलं तरी खूण करायची. मधे तीन दिवस विश्रांतीचे, तेवढेच दिवस बोलायची आणि पत्र लिहायची मोकळीक. आलेली पत्रंही त्याच दिवसांत हातात मिळतात. लहानपणी तू म्हणायचीस, एक तास गप्प बसलीस तर रंगीत रिळं खेळायला देईन, आणि मला एकदाही ती मिळाली नाहीत. आता आठ दिवसांची किती रिळं होतात ते हिशेब करून ठेव.

दोन जूनला मला व्रतं घेऊन पंचवीस वर्षं होतात. आम्ही चौघी आहोत, चौघींनी ती पुन्हा घ्यायची. प्रत्येकीने व्रतांचा मजकूर स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचा, सगळ्यांसमोर वाचायचा आणि तिथेच वेदीवर ठेवून सही करायची. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. मजकूर आहे जेमतेम सहा ओळींचा, पण त्यासाठी महिना देतात. साधना घेणारे फादर म्हातारे आहेत आणि कानाने कमी. रोज अर्धा तास त्यांच्याशी बोलायचं असतं. हळू बोललं तर त्यांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर व्हरांड्यातल्या सगळ्यांना येतं. त्यामुळे आम्ही चौघीही फार पापी नसल्यासारखं बोलतो.

ते म्हणतात, पाचारण म्हणजे देवाने एकदा मारलेली हाक नव्हे, पण पहिली हाक आठवून बघा, तेव्हा तुम्ही काय करत होता? मला आपली पुढची खोली आठवली. तू मशीनवर होतीस, मी शेजारी बसून बटणं लावत होते आणि म्हणाले, ताई, मी सिस्टर होते. तू पायही न थांबवता म्हणालीस, आधी ती बटणं पुरी कर.

आता कामाचं. आमचे झगे शिवणाऱ्या सिस्टरला मोतीबिंदू झाला आहे, त्यामुळे यंदा बाहेरून शिवून आणायला सांगितलं आहे. माझा तू शिवशील का? आणि घेऊन तूच येशील का? अकरा वर्षांत तू इथली पायरी चढलेली नाहीस. गेली सहा वर्षं मी इथल्या म्हाताऱ्या सिस्टरांचं सगळं करते, ते तू एकदा बघावंस असं फार वाटतं.

तुझी
गुंडी

*

१२ मे

गुंडे,

रिळं मिळणार नाहीत. चार पानं लिहिणाऱ्या माणसाला मौनी म्हणत नाहीत.

झगा शिवीन. आपल्या घरची पोरगी दुसऱ्याच्या हातचं घालून वेदीसमोर उभी राहिली तर आई वरून कात्री फेकून मारेल. मापं पाठव. जुनी आहेत माझ्या वहीत, पण पंचवीस वर्षांत गुंडीची घागर झाली असेल. मी आईच्या नियमाने शिवते हे लक्षात ठेव. शिवणीच्या आत दोन बोटं माया ठेवायचीच, कारण माणूस आहे तसा राहत नाही, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता आलं पाहिजे. हल्लीचे शिंपी कापड वाचवायला माया ठेवतच नाहीत. आमच्या शेजारचा तर गणवेश असे बेततो की पोरांनी जेवूच नये.

पण मी येणार नाही. का ते तुला माहीत आहे. आई चार महिने खाटेवर होती. मी तुला लिहिलं, ये. तुझं उत्तर आलं, मला परवानगी नाही. आणि आता लिहितेस की तिथल्या म्हाताऱ्यांचं तू सहा वर्षं करते आहेस. परक्यांच्या म्हाताऱ्या तुला उचलू देतात आणि आपली एक आई उचलू दिली नाही, तर ते कसलं घर आहे तुमचं? गेल्यावर मात्र पाठवलं तुला, दोन सिस्टरांच्या पहाऱ्यात. सकाळी आलीस, दुपारी गेलीस, पाणीसुद्धा नीट प्यायली नाहीस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आई गेल्यावर मी तुझ्या मदरला पत्र टाकलं होतं. चांगलं खरमरीत. जे तोंडाला आलं ते लिहिलं. देवाच्या नावाखाली लेकीला आईपासून तोडणारी बाई, असंही लिहिलं. हे म्हणाले टाकू नकोस, मी टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं, दोन ओळींचं. ‘चूक आमच्या घराची आहे. क्षमा करावी.’ म्हणजे कबूल केलं की नाही? पण कबूल केल्याने माझी आई परत येते का? माफ करायला मी काही तुमच्यासारखी पांढरे कपडे घालत नाही.

मापं पाठव. छाती, उंची, बाही. पोट मी अंदाजाने धरते.

ताई

*

१६ मे

प्रिय ताई,

मापं घे. छाती अडतीस, खांद्यापासून घोट्यापर्यंत बावन्न, बाही एकवीस. पोट अंदाजाने धर, पण उदार मनाने.

तू मदरला पत्र लिहिलं होतंस हे मला ठाऊक नव्हतं. आज वाचलं. त्या आता इथेच बागेपलीकडच्या इमारतीत असतात, माझ्याच देखभालीत म्हणायचं. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही, डोकं मात्र लख्ख आहे. ताई, झालं ते झालं. इतकी वर्षं राग धरून तुझ्याच जिवाला त्रास. त्यांना माफ कर. मी तर केव्हाच केलं आहे.

विश्रांतीचा दिवस संपत आला. घंटा झाली की पुन्हा तोंडाला कुलूप, म्हणून इथेच थांबते. झग्याची कॉलर साधी ठेव.

गुंडी

*

१९ मे

गुंडे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. हे घड्याळ दुरुस्त करत होते, भिंग डोळ्यावरून काढून म्हणाले, धाकटी असून केवढं मन आहे बघ, नाहीतर तू. मला राग आला नाही. खरंच आहे ते. ज्या बाईने तुझं एवढं नुकसान केलं तिला तू भरवतेस, पुसतेस, आणि वर मला म्हणतेस माफ कर. मी उगाच तुम्हा लोकांची थट्टा करते. काहीतरी मिळत असणार तिथे, जे आम्हाला मिळत नाही.

तर मी येते. दोन तारखेला झगा घेऊन हजर होईन. मदरशी दोन शब्द बोलेन. पाया पडणार नाही, ते मागू नकोस.

आणि आता एक सांगते, जे तुला त्रास होईल म्हणून अकरा वर्षं पोटात ठेवलं. शेवटच्या आठवड्यात आई सारखी विचारायची, आली का ती? दारात कोणी उभं राहिलं की तुझंच नाव. मी म्हणायचे, तिला सोडत नाहीत गं. तिला फार यायचंय पण सोडत नाहीत. एकदा म्हणाली, बिचारी तिथे रडत असेल. मग म्हणाली, तिला लिही, मी बरी आहे, जिवाला लावून घेऊ नकोस. त्यानंतर दोन दिवसांनी गेली. माझ्यावर रुसून गेली असेल, गुंडे, कधीकधी वेळेवर कूस बदलून दिली नाही म्हणून, पण तुझ्यावर नाही. तुझी कीव करत गेली. हे तुला आज कळलं पाहिजे असं वाटलं. तुला बरं वाटेल.

पांढरं कापड आणलं आहे. धुऊन आटवून मग कापते, म्हणजे नंतर आखूड होणार नाही.

ताई

*

२३ मे

ताई,

हे पत्र मशीन बंद करून, बसून वाच. आणि भाऊजींना वाचून दाखवू नकोस, आधी एकटी वाच.

मला परवानगी नव्हती हे खरं आहे. परवानगी नव्हती, कारण मी ती मागितलीच नाही.

तुझं ‘ये’ असं पत्र आलं ते मी दोन दिवस बायबलमध्ये घालून ठेवलं. रोज सकाळी ठरवायचे, आज मदरच्या खोलीत जाते. खोलीपर्यंत जायचे आणि पाण्याची बाटली भरून परत यायचे. तिसऱ्या दिवशी तुला लिहिलं, मला परवानगी नाही. लिहून झाल्यावर वाचून बघितलं, तर वाक्य खोटं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या वाक्याच्या आडोशाला बसून आहे. मुलांना वर्षानुवर्षं गणित शिकवलेली बाई मी, मला उत्तर लपवून आकडे खरे ठेवता येतात.

का मागितली नाही, तेही सांगते. आई खाटेला लागली तेव्हा मी पहिले दोन दिवस आले होते ना? दुसऱ्या दिवशी तू गणवेश द्यायला शाळेत गेलीस, मला म्हणालीस, तासाभरात येते, आईकडे बघ. तू गेल्यागेल्या आईला खाटेतच झालं. तिने मला हाक मारली. मी दारापर्यंत गेले. वास आला, तिचा चेहरा बघितला, आणि माझा पाय पुढे पडेना. मी दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती आतून दोनदा म्हणाली, गुंडे, आहेस का गं? मी ओ दिली नाही. मग तिसऱ्यांदा म्हणाली, असू दे, ताई येईल. तास होऊन गेला होता. तू आलीस तेव्हा मी म्हणाले, आत्ताच झालं बहुतेक. आणि तू पदर खोचलास.

देवाने हाक मारली म्हणून मी घर सोडलं, असं सगळे म्हणतात. आईने तीनदा मारली आणि मी स्वयंपाकघरात बसून होते. फादर रोज विचारतात, पहिली हाक आठवते का? मला दुसरं काही ऐकूच येत नाही.

त्यानंतर ‘ये’ म्हणजे पुन्हा त्या दारात उभं राहणं. ते मला नको होतं. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा मात्र मी धावत मदरकडे गेले, आणि त्यांनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं म्हणून सोबत दोघींना पाठवलं. तो पहारा नव्हता, ताई. त्या एका ‘हो’नेच मला कळलं की तीन आठवड्यांपूर्वीही ते इतकंच सोपं होतं. घरी पाणी प्यायले नाही ते म्हणून.

सोळा तारखेला तुझं पत्र वाचलं आणि तुला ते घाणेरडं उत्तर लिहिलं, मदरला माफ कर म्हणून. ज्यांनी काही केलं नाही त्यांना मी केव्हाच माफ केलं आहे, असं मी लिहिलं. हा हात कसा चालला मला कळत नाही. पत्र पेटीत टाकलं आणि तशीच मदरकडे गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी विचारलं, अकरा वर्षांपूर्वी माझ्या ताईचं पत्र आलं होतं का? म्हणाल्या, आलं होतं, चांगलं लिहिते तुझी ताई.

“मग मला बोलावून विचारलं का नाहीत?”

“तू येऊन सांगशील म्हणून थांबले.”

“अकरा वर्षं?”

“मला कुठे जायचं होतं?”

मी म्हणाले, चूक तुमची नव्हती, मग तसं का लिहिलंत? त्या म्हणाल्या, आमच्या घराची चूक लिहिलं, आणि तू आमच्या घरचीच ना. मग म्हणाल्या, “तिची आई गेली होती. खरं लिहिलं असतं तर बहीणही गेली असती. दोघी एकदम कशाला?” ताई, या सहा वर्षांत मी त्यांना रोज आंघोळ घातली आहे. त्या सगळं माहीत असून पाठ माझ्याकडे करून बसायच्या, आणि मी मनातल्या मनात स्वतःचं कौतुक करायचे, किती नीट घासते म्हणून. म्हाताऱ्यांचं काम मी आपणहून मागून घेतलं. सगळ्यांना तो माझा सद्गुण वाटतो. आमच्या पंचवीस वर्षांची पुस्तिका निघते आहे, तिच्यात तसं छापायचं ठरलं आहे. मला ठाऊक आहे ते काय आहे. मी रोज त्या दारातून आत जाते, पण खाटेवर दुसरीच कोणीतरी असते.

तेव्हा तुला लगेच लिहायला हवं होतं. मौन आहे, पत्र लिहिता येत नाही, असं स्वतःला सांगितलं. बघ, पुन्हा तेच. फादरना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी मोकळीक दिली असती. पण इथेही मी विचारलं नाही. आज तुझं पत्र हातात आलं. ‘तुझी कीव करत गेली.’ ताई, मी कुठे तोंड लपवू?

दुपारी फादरना सगळं सांगितलं. हळू आवाजात. ते कानामागे हात धरून म्हणाले, मोठ्याने बोल. पुन्हा सांगितलं. तरी ऐकू येईना. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडून म्हणाले, माझी आई घाणीत पडली होती आणि मी उठले नाही. व्हरांड्यातला झाडू थांबला. फादर म्हणाले, आता ऐकू आलं. मी म्हणाले, मी सही करणार नाही, आज्ञापालन हा शब्द लिहायचा मला अधिकार नाही, मी त्याच्याच आड लपले. ते म्हणाले, ते तू ठरवू नकोस, आधी जिला फसवलंस तिला लिही.

म्हणून लिहिलं. माफी मागत नाही, कारण तू ती देऊन टाकशील आणि मला पुन्हा मोकळं वाटेल. आईला तू माझ्यासाठी जे सांगत राहिलीस त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. तू येऊ नकोस. झगा शिवू नकोस. जुना चालेल.

गुंडी

*

३० मे

ताई,

साधना आज संपली. मौन सुटलं आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. मी बागेपलीकडे म्हाताऱ्यांकडे गेले.

तुझं पत्र नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी टपाल आलं की बघून येते.

पुस्तिकेतली ती ओळ काढायला लावली. कारण विचारलं, तेव्हा आत्ताच्या मदरना आणि माझ्या बरोबरीच्या तिघींना सगळं सांगितलं. एकीने माझ्या ताटात मीठ वाढलं, मी मागितलं नसताना.

कागदावर पहिल्या चार ओळी लिहून झाल्या आहेत. पाचवीत तो शब्द येतो. पेन तिथे थांबलं आहे. फादर जाताना म्हणाले, लाज वाटते म्हणून सही टाळणं म्हणजे न विचारता आणखी एक रजा घेणं. त्यांचं बरोबर असेल. पण तुझं काहीच कळल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही, आणि तुझ्याकडे मागायला तोंड नाही. जुना झगा धुऊन वाळत घातला आहे.

गुंडी

*

१ जून

सिस्टर,

ह्यांच्या हाती झगा पाठवते आहे. मी येणार नाही. राग आहे म्हणून. चारचौघांत खोटं हसायला मला जमत नाही, ते तुमच्या घरी शिकवत असतील.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अकरा सदऱ्यांना डाव्या बाह्या उजवीकडे आणि उजव्या डावीकडे लावल्या. सगळ्या उसवल्या. दुसऱ्या दिवशी मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं काय झालं, तेव्हा पत्र त्यांच्या पुढ्यात टाकलं. त्यांनी वाचलं आणि भिंग लावून घड्याळात तोंड घातलं, संध्याकाळपर्यंत वर काढलं नाही.

ती स्वयंपाकघरातली गोष्ट मला तेव्हाच माहीत होती. रोज करणाऱ्या माणसाला चादर हाताला लागली की कळतं, आत्ताचं आहे की केव्हाचं. म्हटलं, पोर घाबरली. मीही पहिल्या दिवशी मोरीत जाऊन ओकले होते, मग तोंड धुऊन परत गेले. तू परत गेली नाहीस, एवढाच फरक. ते मी त्याच दिवशी सोडून दिलं होतं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. अकरा वर्षं तू त्याचं ओझं वाहिलंस, फुकट.

पण परवानगीचं सोडता येत नाही. तू मला खोटं दिलंस आणि ते खरं समजून मी आईला दिलं, रोज, दिवसातून चार-चार वेळा. त्यावर विश्वास ठेवून ती गेली. आता ते परत कोणाकडून घेऊ? आणि त्या म्हातारीला मी काय काय लिहिलं, आठवलं की अंगावर काटा येतो. देवाच्या नावाखाली लेकीला आईपासून तोडणारी. तिने वाचलं आणि दोन ओळीत माझी माफी मागितली. पांढऱ्या कपड्यांतली एक बाई मी चुकीची ओळखली, आणि दुसरी पण.

त्या मदरसाठी वेगळं पाकीट ठेवलं आहे. तिला दिसत नाही म्हणालीस. तर तू वाचून दाखव. सगळं वाच, तुझ्याबद्दल लिहिलंय तेही, गाळू नकोस. मोठ्याने वाच.

सही करायची की नाही ते मला विचारू नकोस. मी शिवणारी बाई आहे, मला शब्दांतलं कळत नाही. पण अर्धी शिवण टाकून उठलेली मला कधी आवडली नाही, हे तुला ठाऊक आहे. आधी बटणं पुरी कर.

झगा मी बावीस तारखेलाच कापला होता, तुझं पत्र यायच्या आधी. नंतर कापला असता तर कसा कापला असता देव जाणे. शिवायला उशीर केला. शिवताना दोनदा कात्री हातात घेतली, म्हटलं आतली माया कापून टाकावी, हिला कशाला. मग राहू दिली. गुंडे, अंगाला नीट बसेल तो. बाह्यांना आत दोन बोटं आहे, बाजूंना दोन बोटं आहे.

आईची खाट अजून त्याच खोलीत आहे. गादी उन्हात घातली आहे. यायचं असेल तर ये.

विचारून ये.

ताई